तीन गुणांची रेषा आधी मोजून घ्या

संपादक महोदय,

पॅरिस ऑलिंपिकमध्ये (२०२४) महिला बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात अमेरिकेने फ्रान्सला ६७-६६ असे हरवले. गॅबी विल्यम्सने अगदी शेवटी मारलेली बास्केट झाली, पण तिचा पाय तीन गुणांच्या रेषेवर होता. रेषेवर पाय असेल तर दोनच गुण मिळतात. जरा मागून फेकला असता तर बरोबरी होऊन जादा वेळ खेळावा लागला असता.

रिंगच्या मध्यापासून मोजली जाणारी ही रेषा २०१० मध्ये ६.२५ वरून ६.७५ मीटरवर गेली. आपल्या किनाऱ्यावरच्या काही मैदानांवर मात्र जुनीच रेषा दर वर्षी इमानाने गिरवली जाते! तिथे सराव केलेल्या मुलींचा चेंडू बाहेरच्या कोर्टवर रिंगच्या पुढच्या कडेला आपटतो. दोष मुलींच्या हातांचा नसतो.

रंगकाम पाऊस पूर्ण थांबल्यावरच काढावे. शेवाळ ब्रशने खरवडून धुवा आणि काँक्रीट चांगले वाळू द्या. आत ओल राहिली तर रंगाचे पापुद्रे निघतात. मग रिंगच्या मध्यातून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा. ती मागच्या रेषेच्या आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर यायला हवी. नाही आली तर खांब सरकलाय किंवा कललाय. तीन गुणांच्या रेषेचा कंस याच खुणेपासून काढायचा, रिंगमागच्या बोर्डापासून नाही. सुतळी ताणली जाते, म्हणून स्टीलची टेप घ्या. ६.७५ हे माप रेषेच्या बाहेरच्या कडेचे, आणि रेषेची ५ सेंमी जाडी त्याच्या आत. इथे हमखास घोळ होतो. कोपऱ्यात कंस बाजूरेषेपर्यंत न्यायचा नाही. बाजूरेषेपासून ९० सेंमीवर सरळ रेषा येते. फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीच्या) रेषेखालचा जुना तिरका चौकोन पुसून ४.९० बाय ५.८० मीटरचा आयत आखावा.

रिंगची उंची ३.०५ मीटर. मैदानावर सिमेंटचा नवा थर चढला की ती तेवढीच कमी होते, हे कंत्राटदाराच्या गावीही नसते. शिवाय खाऱ्या हवेने बोल्ट गंजतात आणि रिंग पुढे झुकते, त्यामुळे उंची पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही कडांना मोजावी. बदली बोल्ट गॅल्व्हनाइज्डच घ्यावेत.

आणि चेंडू. महिलांचे आंतरराष्ट्रीय सामने सहा नंबरच्या चेंडूने होतात. शाळांच्या खरेदीत मात्र सरसकट सात नंबरचे येतात. तो मोठा आणि जड असल्याने मुली खांद्यातून ढकलू लागतात, मनगट वापरतच नाहीत. पुढच्या मागणीपत्रात निम्मे चेंडू सहा नंबरचे लिहावेत.

आपला,
एक बास्केटबॉल प्रशिक्षक, रत्नागिरी