वैशू, तू चर्चगेटला म्हणाली होतीस ते

परळ, मुंबई
रविवार, रात्री

प्रिय वैशू,

आठ महिन्यांत पत्र नाही, फोन नाही. दोष माझाच. तब्येत ठीक, आईचे गुडघे आहेत तसेच. आज लिहायला बसले कारण हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर "सगळीकडे असंच चालतं" एवढंच ऐकायला मिळेल.

आपले पक्षकार, लालबागचे काका, त्यांचं अपील. सिटी सिव्हिल कोर्टाची डिक्री, म्हणजे निकालाचा हुकूम झाला, हायकोर्टात जायला ठरलेली मुदत. निकालाची सर्टिफाइड कॉपी मिळायला लागलेले दिवस वजा करूनही ४१ दिवस उशीर झाला, कारण फाइल आपल्या ऑफिसच्या वकील साहेबांच्या केबिनमधल्या कपाटात पडून होती. तेच कपाट, ज्याच्या किल्लीवरून तू आणि जोशी भांडायचात. (किल्ली अजून जोशीकडेच आहे. तू हरलीस.)

आता उशीर माफ करून घ्यायचा अर्ज. साहेबांनी दिलेल्या मसुद्यात काका तीन महिने कंबरेच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले! सोबत मागच्या तारखेचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट. वैशू, ते तीन महिने काका दर सोमवारी आपले दोन जिने चढून "अपिलाचं काय झालं?" विचारायला येत होते. मीच त्यांना पाणी दिलंय.

अ‍ॅफिडेव्हिट (शपथपत्र) इंग्रजीत. खाली ती ओळ, की मजकूर मराठीत समजावला आणि सही करणाऱ्याला मी ओळखते. तिथे माझी सही. खोटं उघड झालं तर खोट्या पुराव्याबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं कलम २२९ काकांच्या मानगुटीवर, सात वर्षांपर्यंत. आणि खोट्याची गरजच नव्हती गं! वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, हे सुप्रीम कोर्टाने १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलालमध्ये सांगितलंय. कॉलेजच्या मूट कोर्टात (सरावाच्या खटल्यात) तेच वाचून तू मला हरवलंस आणि कप घेऊन कँटीनभर मिरवलीस. खरं कारण लिहिलं तर काकांची बाजू बळकट होते. फक्त ऑफिसचं नाव खराब होतं.

शुक्रवारी काका सहीला आले. पेनचं टोपण काढून "कुठे करू?" म्हणाले. मी एकेक परिच्छेद मराठीत वाचून दाखवला. कंबरदुखीपाशी त्यांनी टोपण परत लावलं. "ताई, मी तर इथेच येत होतो की."

संध्याकाळी केबिनमध्ये बोलावणं. "वकिली शिकायचीय की कीर्तन करायचंय?" मी काही बोलले नाही. रात्री थांबून खऱ्या कारणाचा मसुदा टाइप केला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. उद्या सकाळी बघतील.

तू राजीनामा दिल्याचं चर्चगेटला सांगितलंस तेव्हा मी तुला पळपुटी म्हणाले होते. तू एवढंच म्हणालीस, "तुझ्या सहीवर येईल तेव्हा बोलू." आलं, वैशू. तो शब्द मी मागे घेते. माफ कर.

साहेबांनी मसुदा फाडला तर मी सोडणार, ते ठरलंय. पण काकांचं काय? वकील बदलायचा तर सहसा आधीच्या वकिलाची एनओसी, म्हणजे हरकत नसल्याचं पत्र मागतात, ती साहेब अडवून धरतील. वकिलांच्या कायद्याच्या कलम ३५ खाली बार कौन्सिलकडे तक्रार केली तर मधल्या मध्ये काकांचं अपील रखडेल का, या विचाराने दोन रात्री झोप नाही. तू असतीस तर आधी काय केलं असतंस?

रत्नागिरी कोर्टात बस्तान बसलं का? घराचं छप्पर झालं? पिल्लूचे दात? सगळं सविस्तर कळव.

पत्र मिळताच फोन कर, कितीही वाजता. उद्या सोमवार. काका येतीलच.

तुझी,
मेघा