डब्यावरची तारीख आणि डब्यातला माल

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या साफसफाईनिमित्त आपल्या पुरवणीत जे सल्ले आले, त्यात ‘तारीख उलटलेले सगळे जिन्नस एका दिवसात घराबाहेर काढा’ असाही एक होता. चिपळूणच्या बाजारात आमचे किराणा दुकान आहे. लोकांनी जुने टाकून नवे नेले तर माझा गल्लाच भरणार आहे. तरीही हा सल्ला मला पटत नाही. त्याने चांगले अन्न कचऱ्यात जाते हे आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे तारखा तपासून झाल्यावर माणूस निर्धास्त होतो. खरी भीती बाळगावी असे बरेच जिन्नस मात्र आपल्या घरात तारखेशिवायच येतात.

आधी त्या तारखेविषयी. पूर्वी बहुतेक पाकिटांवर ‘बेस्ट बिफोर’ असे. त्या मुदतीनंतर चव, वास, कुरकुरीतपणा कमी होईल, पण पदार्थ खाण्याजोगा असू शकतो, असा त्याचा कायद्यातला अर्थ. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनी ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ तारीख सक्तीची केली आणि ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक ठरवले. त्यामुळे आता रव्यावर तोच शब्द, बाळाच्या दूधपावडरीवर तोच आणि पनीरवरही तोच. गिऱ्हाइकाला फरक कळण्याची जी एक खूण होती ती गेली. तारीख उलटलेला माल विकणे गुन्हा आहे आणि तो असलाच पाहिजे; आमच्या गोदामात किती ओल होती हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नसतो. स्वतःच्या फडताळाचे तसे नाही. तिथे काय, कसे आणि किती दिवस ठेवले हे घरच्यांना माहीत असते.

शिवाय ही तारीख न फोडलेल्या, थंड आणि कोरड्या जागी ठेवलेल्या पाकिटाची असते. कोकणातल्या जुलैमध्ये थंड आणि कोरडी जागा कुठे असते ते कंपन्यांनी येऊन दाखवावे! २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचे पाणी आमच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा दुकानादुकानांत भिजलेल्या मालावरच्या तारखा सगळ्या पुढच्याच होत्या. कट्टे, पुडे, पाकिटे, सगळे फेकावे लागले. पत्र्याचा शाबूत, हवाबंद डबा पुरानंतर साबणाने आणि जंतुनाशक पाण्याने धुऊन वापरता येतो. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या-बरण्या मात्र नाहीत, कारण गढूळ पाणी झाकणाच्या आट्यांतून आत जाते. हे तारीख सांगत नाही.

आता सुटा माल. शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, मिरच्या, मका. यांवर बुरा धरला की आपल्याकडे काय करतात? ऊन दाखवतात, फडक्याने पुसतात, भाजतात आणि कुटाला लावतात. ‘भाजले की सगळे मरते’ हे वाक्य मी गल्ल्यावर सतत ऐकते. बुरशी मरते, हे खरे. पण काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचे विष दाण्यात सोडतात. ते भाजल्या-तळल्याने थोडे कमी होते, नाहीसे होत नाही, आणि त्याचा घाव यकृतावर पडतो. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांत पावसात भिजून बुरशी धरलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. त्या कणसांवर कसली आली होती तारीख? आक्रसलेला, काळपट, हिरवट पूड लागलेला शेंगदाणा दिसला तर तो वेचून टाकावा, आणि असे बरेच दिसले तर सगळी पिशवीच टाकावी. असेच दाणे ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून घाण्यावर नेणारेही आहेत. त्यातले विष थोडे तेलात उतरते आणि बरेचसे पेंडीत राहते. पेंडीचे पुढे काय होते ते शेवटी सांगते.

खवटपणा हे प्रकरण वेगळे. तेल, तूप, खोबरे, दाण्याचे कूट, बाजरीचे पीठ यांतला स्निग्धांश हवेने बिघडतो. बाजरीचे पीठ तर दळून आणल्यावर थोड्याच दिवसांत कडवट होते. म्हणूनच ते लागेल तेवढेच दळायची पद्धत पडली. खवट पदार्थाने कोणी त्या रात्री आजारी पडत नाही, पण तो पोटात घालण्यात शहाणपणही नाही. इथे नाक आणि जीभ तारखेपेक्षा भरवशाची.

जिथे नाक-जीभ चालत नाही तिथे मात्र कडक राहावे. फुगलेला पत्र्याचा डबा, मग तो हापूसच्या रसाचा असो की नारळाच्या दुधाचा, चाखूनसुद्धा पाहू नये. बंद डब्यात वाढणाऱ्या काही जंतूंच्या विषाने बोट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा होते, आणि त्या विषाला वास किंवा चव असेलच असे नाही. (वेफरची पाकिटे मुद्दाम नायट्रोजन भरून फुगवलेली असतात, त्यांच्यावर कोणी संशय घेऊ नये.) कडेच्या शिवणीवर चेपलेला, गंजून पाझरणारा डबाही त्याच वाटेने घालवावा. बाळाच्या दूधपावडरीची तारीख एक दिवसानेही ओलांडू नये. आणि मध वर्षानुवर्षे टिकतो, दाणेदार झाला तरी बिघडत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाला ताजा मधसुद्धा चाटवू नये.

उरलेल्या पुष्कळ गोष्टींची चिंता नको. साखर आणि व्हिनेगर यांना तर कायद्यानेच शेवटची तारीख माफ केली आहे. मीठ खराब होत नाही, फक्त दमट हवेत त्यातले आयोडीन उणावते. तांदूळ जुनाच बरा, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. जुने कडधान्य गणंग निघते, शिजता शिजत नाही, एवढाच त्याचा दोष. कोरडा राहिलेला मसाला फिका पडतो, घातक होत नाही. खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळून पाहावे. फसफसला तर चांगला. आमसुलांवर पांढरे दिसले की शहरातली गिऱ्हाइके पाकीट परत आणतात. बहुतेक वेळा ते मीठ असते आणि चिमटीत खरखरीत लागते. कापसासारखे मऊ लागले तर मात्र बुरा.

टोके, पोरकिडे झाले म्हणून तांदूळ टाकायचे कारण नाही. चाळून, निवडून, धुऊन तो खाता येतो. रव्याला जाळी धरली असेल तर त्याचा नाद सोडावा. पण किड्यांवर उपाय म्हणून लोक ‘सल्फास’च्या गोळ्या मागतात तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. ही ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी गोदामांसाठी असते. हवेतल्या ओलीने तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो झोपलेली माणसे मारू शकतो. आमच्याकडे ती मिळत नाही आणि मिळणारही नाही.

एक गोष्ट लिहू की नको असे झाले होते, पण लिहिते. साफसफाईत निघालेली पाकिटे पिशवीत भरून घरकामाच्या मावशींच्या हाती देण्याची आपली रीत आहे. त्याच मावशी मग आमच्या दुकानात येऊन विचारतात, ‘वैनी, हे पोरांना घालू का?’ माल चांगला असेल तर देणाऱ्याने स्वतः खावा, आणि वाईट असेल तर मावशींच्या पोरांची पोटे काही वेगळ्या धातूची नाहीत.

हीच गत गाईची. बुरशीचे दाणे, भाकरी, पेंड ‘गाईला घालू’ म्हणून बाजूला निघते. ते विष तिच्या शरीरात थोडे बदलून दुधात उतरते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून घेतलेल्या ६,४३२ दूध-नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत हे अफ्लाटॉक्सिन एम-१ ठरलेल्या मर्यादेहून जास्त निघाले. तेव्हा बुरा धरलेले जे असेल ते गोठ्यात न नेता खड्ड्यात पुरावे. आपल्या पुरवणीने पुढच्या खेपेला तारखेबरोबर सुट्या मालावरही चार ओळी छापाव्यात, ही विनंती.

आपली,
एक किराणा दुकानदार,
चिपळूण