मोंढ्यातल्या बारदानवाल्या मामांना

मामा, नमस्कार.

काल श्रावणातला पहिला सोमवार. पूजेच्या विड्याला पानं घरच्याच वेलीची निघाली, तेव्हाच ठरवलं की आता हे पत्र लिहायचंच. तुमचा नातू वाचून दाखवेल.

आमची गच्चीवरची नागवेल सासूबाईंनी लावलेली. त्या दिवाळीत गेल्या. मागोमाग शेजारच्या बांधकामात पश्चिमेचा कडुलिंब तोडला गेला आणि वेल उघडी पडली. त्यात परभणीचा मे महिना, पारा ४३-४४ वर. पानांवर आधी पिवळट, मग पांढरे चट्टे, आणि शेवटी हात लावला की चुरा.

मी काय कमी जणांना विचारलं? एका नर्सरीवाल्यानं फोनवरच सांगितलं, पाणी वाढवा. दुसऱ्यानं खताची पुडी गळ्यात मारली. तिसऱ्यानं पोरगा पाठवला; त्यानं काळी नेट थेट वेलीवर अंथरली, पैसे घेतले आणि गेला. जिथं नेट टेकली तिथलं पान करपलं. बागकाम शिकवणारे एक साहेब म्हणाले, एका कुंडीसाठी मी येत नसतो. आमचे नातेवाईक तर त्याहून शहाणे: "पानं टपरीवर मिळतात की!"

तुमच्याकडे मी फक्त जुनी पोती घ्यायला आले होते. कशाला हवीत विचारलंत, ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "दुपारच्याला येतो. सकाळी काय दिसणार, ऊन कुठून मारतंय ते?" तीन वाजता आलात. त्या वेळी अख्खं गाव दारं लावून पडलेलं असतं.

आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर तुम्ही चपला काढल्या. स्लॅब असा तापलेला की मी स्लीपर घालूनही उभी राहत नव्हते. म्हटलं, मामा, पाय पोळतील. तुम्ही म्हणालात, "पानमळ्यात चपला घालून जात नसतेत, माय." कुंडी एक, तीही तडकलेली. तुम्ही तिला पानमळा म्हणालात, आणि एकेक पाय उचलत, सगळी वेल खालून वर बघितलीत. पाणी आणते म्हणून मी खाली गेले आणि बराच वेळ वर आले नाही, ते का, हे आता तुम्हाला कळलं असेल.

बाकीचं तर तुम्ही हसत-बोलत उरकलंत. माती बोटानं उकरून म्हणालात, "हिला तहान नाही, हिला ऊन लागलंय. मुळाशी गच्च ओल हाय, आणखी पाणी घातलं तर कुजंल." नेट वेलीपासून दोन हात वर ताणलीत, मधून वारा खेळावा म्हणून. पश्चिमेला गोणपाटाचा पडदा, दुपारी त्यावर पाणी मारायचं. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीलाही पोतं गुंडाळलंत. मी जळकी पानं खुडायला लागले तर हात धरलात: ती काही परत हिरवी होत नाहीत, पण खालच्यांना सावली तरी करतात. पोत्यांचे पैसे मात्र मोजून घेतलेत. तेही मला आवडलं.

मृग लागल्यावर न बोलावता शेवग्याची फांदी घेऊन आलात. तुमच्या वडिलांच्या मळ्यात वेलीला शेवरी, पांगारा, शेवगा असायचा, आधार तोच आणि सावली तीच, हे तेव्हाच सांगितलंत. नेट फाटते, झाड वाढतं.

मामा, शिकलेली, पाट्या लावलेली माणसं न बघताच सांगून मोकळी होतात. तुम्ही आधी बघितलंत. एवढं साधं वागणं इतकं दुर्मिळ का व्हावं, याचा मला राग येतो, आणि तुमची आठवण आली की तो उतरतोही.

आता एक विचारायचंय. शेवगा अर्ध्या पिंपात लावलाय, चांगला कमरेएवढा झालाय, पण नुसता उंच पळतोय. शेंडा आत्ताच खुडू, की पाऊस संपू देऊ? गुरुवारी मोंढ्यात येतेय, तेव्हा सांगा. येताना पानं आणते, चुना-कात तुमचा.

तुमची,
गच्चीवरच्या पानमळ्याची मालकीण