जोडीदारालाही विचारा की

संपादक महोदय, स.न.वि.वि.

कॅन्सरसारखं मोठं आजारपण आलं की ट्रीटमेंट सगळी पेशंटची, नवरा किंवा बायको फाइल धरून बाहेर बसलेले. समोरच्याला त्रास नको म्हणून दोघंही भीती लपवतात आणि त्यानेच अंतर वाढत जातं, स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ गी बोडेनमन यांनी तर १९९० च्या दशकातच ताण जोडप्याचा मिळून असतो अशी मांडणी केलीये. पेशंटचा ताण मोजायला ० ते १० ची पट्टी असते, ४ किंवा जास्त आलं की लक्ष द्यायचं, मग तीच जोडीदाराला का दाखवत नाहीत? काउन्सेलिंगला निदान काही वेळा तरी दोघांना एकत्र बसवा. आणि शारीरिक जवळीकीचा विषय डॉक्टरांनीच आपणहून काढावा, पेशंट लाजतात हो.

आपली एक वाचक