“तुझ्या डावीकडे”: आरोग्यमंत्र्यांना एका थिएटर सिस्टरचं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयातून मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून निवृत्त झाले. मुंबईत रोबोने ऑपरेशनं होतात. कोकणातही तो यावा, असं मलाही वाटतं. पण आधी एक प्रसंग ऐका.

जुलै महिना, दुर्बिणीतून पित्ताशयाचं ऑपरेशन. आत सगळं सुजून एकमेकाला चिकटलेलं. पित्ताशयाची नळी कुठली आणि यकृताकडून येणारी मुख्य नळी कुठली, ते तरुण सर्जनना उलगडेना. मुख्य नळी कापली गेली तर पेशंटचे हाल कुत्रा खात नाही. त्यांनी मुंबईच्या आपल्या सरांना व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. मी मोबाइल मॉनिटरसमोर धरून उभी. सर म्हणत होते, “जरा डावीकडे… अरे, तुझ्या डावीकडे.” चित्र अडकलं, मग आवाजही गेला. सर्जननी थोडी वाट पाहिली आणि पोट उघडून ऑपरेशन पुरं केलं. त्यांनी केलं ते योग्यच, पेशंट बराही झाला. माझ्या कानातून मात्र ते “तुझ्या डावीकडे” अजून जात नाही.

७ सप्टेंबर २००१ ला डॉ. झाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या एका बाईचं पित्ताशय रोबोने काढलं. त्याचा गाजावाजा पुष्कळ झाला. मला मोल वाटतं ते कॅनडातल्या डॉ. मेहरान अन्वरींचं. २००३ पासून ते हॅमिल्टनहून सुमारे ४०० किलोमीटरवरच्या नॉर्थ बेमधल्या सर्जनांच्या मदतीला असत. कधी स्वतः रोबो चालवून, कधी नुसतं सांगून. मुंबई तर आम्हाला त्याहून जवळ!

अशा दुरून सांगण्यात सर्जनला दिसतं तेच चित्र दूरच्या सरांना दिसतं आणि ते पडद्यावर रेघ ओढतात: याच्या खाली कात्री नको. डावं-उजवं करत बसायला नको. चित्र उशिरा पोचलं तर रेघ भलतीकडे पडते, कारण तोवर पेशंटने श्वास घेतलेला असतो. म्हणून चित्र थांबवून मग रेघ ओढायची. हे साध्या दुर्बिणीलाही चालतं. रोबोची वाट कशाला पाहायची?

माझं गाऱ्हाणं सरांच्या वेळेचं आहे. आज ते शिष्याच्या मायेपोटी, ओपीडी सोडून फोन उचलतात. ती त्यांची ड्युटी धरा, मोबदला द्या, त्यांचा सल्ला केसपेपरवर येऊ द्या. चुकलं तर जबाबदारी कुणाची, हे आधी लेखी ठरवा. नाहीतर चांगले सर फोन उचलायचेच बंद होतील. थिएटरला दोन वेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट लाइनी द्या, त्याही जनरेटरवर. २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडने विजेविना, नेटवर्कविना किती दिवस काढले, ते आपल्या खात्याला ठाऊक आहे.

रोबोच्या उद्घाटनाला याल तेव्हा फीत कापण्याआधी थिएटरमध्ये उभं राहून मुंबईला एक व्हिडिओ कॉल लावून पाहा. शक्यतो जुलैत या.

आपली,
एक निवृत्त थिएटर सिस्टर