सायकलीच्या जीपीएसमध्ये आपला नकाशा

महोदय,

आयुष्यभर सर्व्हेचं काम केल्यामुळे नकाशात रस्ता तुटका दिसला की मला चैन पडत नाही. राजवाड्यावरून पहाटे जानापावकडे निघणाऱ्या आपल्या सायकलस्वारांना म्हणूनच आग्रह करतो, जीपीएसमध्ये ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा घाला. २००४ पासून स्वयंसेवक तो घडवताहेत, आणि तो मोफत आहे! नकाशा दाखवणाऱ्या गार्मिन कंपनीच्या जीपीएस यंत्रात नकाशाची आयएमजी फाइल ‘गार्मिन’ फोल्डरमध्ये ठेवायची आणि आधीचा नकाशा सेटिंगमधून बंद करायचा, नाहीतर दोन्ही एकमेकांवर चढतात. फाइल ‘राउटेबल’च, म्हणजे मार्ग आखता येईल अशीच घ्या, नुसत्या चित्रावरून यंत्राला वळणं सांगता येत नाहीत. महूपुढे फोनची रेंज गेली तरी अडत नाही. सिमरोलकडची एखादी गाडीवाट त्यात नसेल, तर घरी आल्यावर ती तुम्हीच नोंदवा.

एक निवृत्त सर्व्हेअर, इंदूर