खपलीचा ट्रे

श्टुटगार्ट,
२० सप्टेंबर

ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "काय शिजवालीस गं?" आणि मी खपली गहू म्हटल्यावर गप्पच झालीस. म्हणून सविस्तर लिहिते.

इथं तिला एमर म्हणतात. पाकिटावरच्या नावावरून काही कळलं नव्हतं. दाणा हातावर घेतला, लांबट, तांबूस, आणि निपाणीचं आपलं रान डोळ्यांपुढं आलं. दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात हिची शेती सुरू झाली म्हणे. मळणीत टरफल सुटत नाही, कांडावंच लागतं. हे दुखणं इथंही तेच.

आपण ती उरसाच्या हुग्गीपुरती, त्या गोड खिरीपुरती ठेवली. मी तिखटामिठाची करते, ओव्हनमध्ये. दोन वाट्या खपली रात्री भिजत घालायची, सकाळी मीठ घालून अर्धा तास उकडायची. दाणा मऊ हवा, पण दाताखाली फुटला पाहिजे. चिंच यानंतरच. आंबट आधी पडलं तर दाणा चिवट राहतो. माझा पहिला ट्रे त्यानंच वाया गेला. मग परतलेला कांदा, दाण्याचं कूट, तीळ, ताईनं दिलेली कांदा-लसूण चटणी, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, सगळं खपलीत कालवून ट्रेमध्ये पसरायचं. वर भोपळ्याच्या फोडी आणि वांगी. इथली वांगी हातभर लांब, म्हणून चकत्या करते; तुझ्या काटेरी वांग्यांना चिरा देऊन कूट भर. वाटीभर कढत पाणी, दोन चमचे तेल, वर फॉइल घट्ट. २०० अंशांवर अर्धा तास, मग फॉइल काढून पंधरा मिनिटं. ओव्हनचा पंखा चालू असेल तर १८० पुरे.

फॉइल लवकर काढलीस तर वरचे दाणे खड्यासारखे होतात. वेळेवर काढलीस तर आतली खपली रसदार राहते आणि कडेची खरपूस होते. त्या कडेवरून आमच्या घरात रोज भांडण.

इथं ग्र्यूनकेर्न नावाचं धान्यही मिळतं. स्पेल्ट गहू अर्धा कच्चा असतानाच कापून धुरावर वाळवायचा, ही जर्मनीतल्या बाऊलांड भागाची जुनी रीत. पहिला घास घेतला आणि हुरड्याच्या आगटीचा वास आला. त्या रात्री मला झोप लागली नाही, आई.

ताईच्या ओव्हनमध्ये तवे आणि कढया कोंबून ठेवल्यात, त्या आधी बाहेर काढ. कोल्हापुरात खपली घेताना फार कांडून पांढरी केलेली नको. कोंडा राहिलेली माग.

बाबांना रक्तातल्या साखरेमुळं हुग्गीला नाही म्हणावं लागतं, तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवत नाही. हे त्यांना चालेल, पण वाटी मोजून, आणि गोळी चालूच. दिवाळीच्या आसपास पेरणी होईल. सगळं रान उसाखाली घालू नका, विहिरीकडचा पट्टा खपलीला ठेवा, असं मी सांगितलंय म्हण. माझं नाव घेतलंस तर ऐकतील.

ट्रे केलास की कडेचा भाग कुणी पळवला ते कळव.

तुझी,
धाकटी